पटावर 16 जीबी, वर्गात 8

गुहागरहून एका शिक्षिकेनं विचारलं आहे: लॅपटॉप चार वर्षांचा, विंडोज 11, मुळात 8 जीबीची एकच रॅम. शाळेच्या कामाला ती कमी पडते म्हणून दुकानातून आणखी 8 जीबीची डीडीआर4 (ही रॅमची एक पिढी) स्टिक बसवून घेतली. पंधरा दिवस सगळं छान चाललं. आता सेटिंगमध्ये रॅम 16 जीबी लिहून येते, पण त्याच्याच पुढे कंसात 7.85 जीबी वापरण्याजोगी असंही येतं, आणि मशीन पूर्वीइतकंच अडकतं. दुकानदार म्हणतो बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेला, बदलावा लागेल. खरंच गेला असेल का?

ताई, बोर्ड बदलायला अजिबात होकार देऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी चिपळुणात 19 वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतो आहे आणि तुम्ही लिहिलेले हे दोन आकडे मी शेकडो वेळा पाहिले असतील. त्या आकड्यांतच अर्धं निदान आहे, फक्त ते दोन्ही एकत्र वाचायला हवेत.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. 16 हा पट आहे आणि 7.85 ही हजेरी. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मोठ्या काळ्या चिप असतात, त्यांच्यामध्ये एक अगदी बारीक चिप वेगळी असते. तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर4मध्ये तिच्यात जेमतेम 512 बाइट माहिती असते: मी किती जीबीची, माझा वेग किती, माझी रचना कशी. लॅपटॉप सुरू होताना बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, आधी ही चिप वाचतं आणि पटावर नाव लिहितं. ही माहिती दोनच तारांवरून, अगदी सावकाश येते. खरी मेमरी मात्र 64 डेटा तारांवरून प्रचंड वेगानं बोलते. पट लिहून झाला की बायॉस प्रत्येक स्टिकशी या वेगवान तारांवरून बोलून पाहतं, वेळा जुळवतं. याला ट्रेनिंग म्हणतात. त्यात एखादी स्टिक नापास झाली तर बरीच मशीन तिला बाजूला ठेवून उरलेल्या स्टिकवर सुरू होतात. नाव पटावर राहतं, मूल वर्गात नसतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं.

म्हणजे तुमची दुसरी स्टिक तिच्या जागी, स्लॉटमध्ये आहे, तिला वीज मिळते आहे, तिची एसपीडी वाचली जाते आहे. ती पूर्ण मेली असती किंवा स्लॉट पूर्ण तुटला असता तर पटावरच 8 आलं असतं. 260 संपर्कबिंदूंपैकी एखाददुसरा बिंदू नीट टेकत नसला तरी एवढा घोळ होतो. डीडीआर4च्या लॅपटॉप रॅमवर दोन बिंदूंमधलं अंतर अर्धा मिलिमीटर असतं. तिथे एक केस, धुळीचा एक कण, हाताच्या घामाचा एक पापुद्रा पुरतो. पंधरा दिवस चालून मग बंद पडणं हे लक्षणही मला संपर्काकडेच बोट दाखवणारं वाटतं. नीट न बसलेली स्टिक गरम-थंड होताना आणि पिशवीतून शाळेत जाता-येता सैल होत जाते.

तरीही उघडण्याआधी दोन गोष्टी खात्रीनं पाहून घ्या, कारण त्यांना स्क्रूड्रायव्हर लागत नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर या. उजवीकडे खाली 'हार्डवेअर रिझर्व्ड' असा आकडा असतो. तुमच्याकडे तो 8 जीबीच्या आसपास असणार. तिथेच किती स्लॉट वापरात आहेत आणि 'फॉर्म फॅक्टर' काय आहे तेही लिहिलेलं असतं. एसओडिम असेल तर काढता-घालता येणारी स्टिक. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. तुम्ही सांगितलेल्या इतिहासावरून तुमच्याकडे दोन स्लॉट असावेत, पण मूळची 8 जीबी सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच, अशीही पुष्कळ मॉडेल येतात. हे आधी कळलं तर पुढची अर्धी मेहनत वाचते.

दुसरी गोष्ट म्हणजे एमएसकॉन्फिग. सर्चमध्ये हे नाव टाकून उघडा, बूटमध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स दाबा. तिथे 'मॅक्झिमम मेमरी' असा चौकोन आहे. तो रिकामाच असला पाहिजे. लॅपटॉप फास्ट करण्याचे व्हिडिओ पाहून कितीतरी जण त्यात खूण करतात आणि स्वतःच स्वतःची रॅम बांधून ठेवतात. ही सोय चाचणीसाठी आहे, रॅम वाढवायला नाही. खूण असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. शटडाऊन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्टच करा. विंडोजचं नेहमीचं शटडाऊन बहुतेक मशीनवर अर्धवट झोपेसारखं असतं.

हे करून फरक पडला नाही तर दोष विंडोजचा की यंत्राचा, याचा एकदाच निकाल लावून टाका. मेमटेस्ट86+ नावाचा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. त्याला विंडोजची गरजच नसते. पडद्यावर त्याला दिसणारी मेमरी लिहिलेली असते. तिथे जवळपास 16 दिसली तर हार्डवेअर निर्दोष, गडबड विंडोजमध्ये. तिथेही 8च दिसली तर विंडोज पुन्हा टाकण्यात एक मिनिटही घालवू नका. मी हे मुद्दाम सांगतो, कारण अशा तक्रारीवर दुकानात पहिला उपाय फॉरमॅटचा होतो आणि लोकांचे फोटो, मुलांचे गुण, प्रकल्पांच्या फाइली विनाकारण जातात.

एक सावधगिरी. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कदाचित बायॉसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागेल. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर विंडोज त्यानंतर 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर लिहून घ्या. ती की नसेल तर डेटा परत मिळवून देणं माझ्या किंवा कुणाच्याही हातात राहत नाही.

आता उघडण्याचं काम. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. नसेल तर तुम्ही हे घरी करू शकता, अवघड नाही, पण क्रम मोडू नका. शिफ्ट दाबून ठेवून शटडाऊनवर क्लिक करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. तळाचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची वायर बोर्डावरून सोडवा. मशीन बंद असलं तरी बॅटरी जोडलेली असताना बोर्डावर वीज असतेच. त्या अवस्थेत रॅम ओढून काढल्यामुळे शॉर्ट झालेले बोर्ड माझ्या टेबलावर आले आहेत. बॅटरी सोडवून पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. पावसाळ्यात आपल्याकडे स्थिर विजेचा त्रास कमी असतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घालून हे काम टाळा.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या एकाच वेळी बाहेर ढकलल्या की स्टिक आपोआप तिरकी वर येते. तिचा फोटो काढून ठेवा, कोणती कुठल्या स्लॉटमध्ये होती हे नंतर आठवत नाही. मी पुढे मूळची स्टिक जिथे होती त्या स्लॉटला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा म्हणतो.

सोनेरी कडेला बोट लावू नका. ती साफ करायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. मेडिकलमधलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. खोडरबराचं काय, असं सगळेच विचारतात. मीही कित्येक वर्षं खोडरबरच वापरलं आणि ते काम करतं हे खोटं नाही. पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दरवेळी घासलं की थोडा जातो. खालचा धातू उघडा पडला की आपल्या खाऱ्या हवेत तो लवकर काळवंडतो. मग दर चार महिन्यांनी तोच लॅपटॉप त्याच तक्रारीनं परत येतो. अगदीच डाग निघत नसेल तर मऊ पांढऱ्या खोडरबरानं एकदाच हलकं पुसा, चुरा स्लॉटवर पडू देऊ नका आणि नंतर अल्कोहोलनं पुसाच.

स्टिकपेक्षा स्लॉटकडे जास्त लक्ष द्या. लोक रॅम चकचकीत पुसतात आणि स्लॉटमध्ये डोकावतही नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून तिरक्या उजेडात पाहा. बारीक पिनांची रांग एकसारखी दिसली पाहिजे. एखादी पिन वाकलेली, आत दबलेली किंवा हिरवट झालेली असेल तर दोष तिथेच. कोकणात मला स्लॉटमध्ये लाल मुंग्या सापडल्या आहेत, भिंतीवर टांगलेल्या पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये झुरळाची अंडीसुद्धा. हवेच्या ब्लोअरनं झटका द्या, मऊ ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून पिनांच्या दिशेनं फिरवा, आडवा नाही. पूर्ण सुकू द्या.

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरचे काही महिने मी जवळजवळ हेच काम केलं. जे लॅपटॉप दोन-तीन दिवसांत आले त्यांचे स्लॉट धुऊन, अल्कोहोलनं साफ करून बहुतेक वाचले. जे लोकांनी उन्हात वाळवून महिन्याभरानं आणले, त्यांत गाळ पिनांच्या मुळाशी दगडासारखा बसला होता आणि पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यातली काही मशीन पट पूर्ण दाखवत आणि हजेरी अर्धी. तेव्हा माझी पक्की खात्री झाली की सावकाश दोन तारा जगतात आणि वेगवान तारा आधी मरतात. गंजलेल्या बिंदूवरून हळू संदेश जातो, वेगाचा जात नाही.

स्टिक परत बसवताना तिच्या सोनेरी कडेतली खाच स्लॉटशी जुळवा, साधारण 30 अंशांच्या तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मगच खाली दाबा, दोन्ही चिमट्यांचा टक असा आवाज एकत्र आला पाहिजे. बहुतेक चुका इथे होतात: आत पूर्ण न सरकवताच खाली दाबतात, चिमट्या लागतात, बसली असं वाटतं, आणि एका टोकाचे बिंदू अधांतरी राहतात.

आता दोन्ही स्टिक एकदम बसवू नका. एकेक करून चार वेळा पाहा: जुनी पहिल्या स्लॉटमध्ये, नवी पहिल्यात, जुनी दुसऱ्यात, नवी दुसऱ्यात. प्रत्येक वेळी बॅटरी सोडवायची आणि चार्जर काढायचा, आळस करायचा नाही. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा थोडा वेळ काळा राहतो, ते ट्रेनिंग चाललेलं असतं. डीडीआर5च्या मशीनवर तर काही मिनिटंही लागतात. घाबरून मध्येच बटण दाबून धरू नका. चारही वेळचं उत्तर कागदावर लिहा: सुरू झालं का, किती दिसली.

नवी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये नापास आणि जुनी दोन्हीत पास झाली तर स्टिक खराब. ती वॉरंटीत परत करा. रॅमवर वॉरंटी बहुधा वर्षांची असते, पंधरा दिवसांची नाही. दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये चालल्या आणि दुसऱ्यात एकही चालली नाही, तर दोष स्लॉटचा किंवा त्याच्या मार्गाचा. त्याविषयी खाली लिहितो.

तिसरी शक्यता जरा चकवणारी आहे: एकेकटी दोन्ही स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालतात, एकत्र बसवल्या की एक गैरहजर. तेव्हा स्टिकवरचं लेबल वाचा. 1आर×8, 2आर×8, 1आर×16 असं काहीतरी छापलेलं असतं. ही चिपांची मांडणी आहे. क्षमता तीच असली तरी मांडणी वेगळी असू शकते. वेगवेगळ्या मांडणीच्या स्टिक एकत्र चालतच नाहीत असं नाही, बहुतेक वेळा चालतात. पण काही बोर्डांचं जुनं बायॉस त्यांची वेळ जुळवू शकत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचंच बायॉस अपडेट करून पाहा. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, बिटलॉकरची की हाताशी. वादळी पावसात लाईट जा-ये करत असताना हे काम नको. तरीही जमलं नाही तर जुन्या स्टिकसारख्याच लेबलची दुसरी घ्या.

रॅम वाढवताना फसणारे बाकीचे प्रकार तुम्हाला लागू नाहीत, पण विचारणारे खूप असतात म्हणून थोडक्यात लिहितो. 8 जीबीची 7.8 किंवा 16ची 15.7 दिसणं हा दोष नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि फर्मवेअर आपला वाटा राखून ठेवतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये हा वाटा 2 जीबीचाही असतो, मग 8 जीबीच्या मशीनवर 5.9च्या आसपास दिसते. लोक म्हणतात 512ची डिस्क 476 दिसते तसंच हे असेल. तसं नाही. डिस्कमधली तूट हजार आणि 1024 मोजण्यातल्या फरकाची असते, रॅम आधीपासून 1024नेच मोजलेली असते.

32 बिटचं विंडोज असेल तर 4 जीबी घालूनही 3 ते साडेतीनच मिळते. पत्तेच 4 जीबीचे असतात आणि त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना द्यावे लागतात. इंटेलच्या 945 चिपसेटच्या जुन्या लॅपटॉपवर तर 64 बिट टाकूनही सव्वातीनच्या आसपासच दिसत असे. ती चिपसेटचीच मर्यादा. भारतात खूप विकल्या गेलेल्या विंडोज 7 होम बेसिकची मर्यादा 64 बिटमध्येही 8 जीबीची होती.

डीडीआर3च्या काळातल्या मशीनवर आणखी एक गोष्ट बघा. 1.5 व्होल्टची डीडीआर3 आणि 1.35 व्होल्टची डीडीआर3एल दिसायला, बसायला अगदी सारखी: 204 बिंदू, खाचही तिथेच. पण इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना एलच लागते. लेबलवर पीसी3 नाही, पीसी3एल असं हवं. आणि या पिढीपर्यंतच्या मशीनवर एका स्लॉटमध्ये 8 जीबीच्या वर चालत नाही, 16ची डीडीआर3 स्टिक कितीही स्वस्तात मिळाली तरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुनी रॅम आणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

आता दुसरा स्लॉटच नापास झाला तर काय. त्यातही लगेच बोर्ड बदलायचा नसतो. लॅपटॉप पडलेला असेल, किंवा रॅम बसवताना जोरात दाबली गेली असेल, तर स्लॉटच्या पिना बोर्डाला जिथे सोल्डर केलेल्या असतात तिथे केसासारखी भेग जाते. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पिन पाहून तिला पुन्हा सोल्डर करता येतं. पिना वाकल्या-गंजल्या असतील तर हॉट एअरनं जुना स्लॉट उतरवून नवा बसवता येतो. चिप लेव्हलचं काम करणाऱ्या कुणालाही हे यायला हवं, आणि त्याचा खर्च बोर्डाच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. प्रोसेसरच्या खालच्या सोल्डरमध्ये दोष असेल तर मात्र काम मोठं आहे, तिथे मी स्वतः गिऱ्हाइकाला पैसे घालू नका असं सांगतो.

कारण त्याहून सोपा मार्ग असतो. पहिल्या चांगल्या स्लॉटमध्ये 16 जीबीची एकच स्टिक बसवा आणि दुसरा मोकळा ठेवा. तुमच्या मॉडेलला एका स्लॉटमध्ये 16 चालते का हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आधी पाहा. दोन मार्गांऐवजी एकाच मार्गानं काम होईल, त्यामुळे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग थोडं मंदावेल. निकालपत्रकं, ब्राउझर आणि ऑनलाइन फॉर्म यांत तुम्हाला तो फरक जाणवणारही नाही.

कुठल्याही मार्गानं 16 पूर्ण हजर झाली की काम संपलं असं समजू नका. दिसणारी रॅम बरोबर चालतेच असं नाही, आणि किंचित चुकणारी रॅम न दिसणाऱ्या रॅमपेक्षा वाईट, कारण ती गुपचूप फाइली बिघडवते. झाकण लावल्यावर मेमटेस्ट86+ रात्रभर चालू ठेवा. सकाळी एकही लाल ओळ नसेल तरच त्यावर मुलांचे गुण भरा.

आणि पुन्हा दुकानात जावं लागलंच, तर चार चाचण्यांचा तो कागद बरोबर न्या. बोर्ड गेला म्हणणाऱ्याला एवढंच सांगा: दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये चालतात, दुसऱ्यात एसपीडी वाचली जाते पण मेमरी येत नाही, स्लॉटच्या पिना आणि सोल्डर तपासून द्या. हे करता येत नाही म्हणाला तर लॅपटॉप तिथे ठेवू नका.